दत्तकाचा कागद

(दृश्य : लोखंडी कपाट, लाल फितीने बांधलेले फायलींचे गठ्ठे)

पुण्यातील सदाशिव पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे कपाट आहे. त्यात तीस वर्षांहून अधिक काळातील दत्तकविधानांचे कागद बांधून ठेवलेले आहेत. प्रत्येक गठ्ठ्याच्या पुठ्ठ्यावर प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष आहे. मुलाचे नाव मात्र कोठेही नाही. बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे या माहितीपटातही आपल्याला कोणत्याही मुलाचा चेहरा दिसणार नाही. दिसतील ते हात, चपला, पाण्याच्या बाटल्या आणि न्यायालयाच्या बाकावर ठेवलेली एक बाहुली.

ज्यांचे हे कपाट आहे त्या वकीलबाईंना येथे सर्वजण मॅडम म्हणतात. दत्तकाची प्रकरणे चालवण्यासाठी वेगळी सनद नसते. कायद्याची पदवी घ्यायची, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नाव नोंदवायचे आणि एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात जाऊन बसायचे, हीच वाट आहे. मॅडमही याच वाटेने आल्या. त्यांच्या सिनिअरांकडे जमिनीचे दावे पुष्कळ होते आणि त्या दाव्यांच्या पोटात दत्तकाचे वाद दडलेले असत. अनाथ मुलाला घर मिळावे म्हणून नव्हे, तर कोण्या आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला दत्तक खरा की खोटा, एवढ्याचसाठी त्यांनी हा कायदा प्रथम वाचला.

(दृश्य : मोडी आणि देवनागरीतील जुने दस्त, भिंगाखाली)

महाराष्ट्रात या व्यवसायाचे मूळ तेथेच आहे. मुलगा नसेल तर घराणे बुडेल, पिंडदान कोण करील आणि वतन कोणाकडे जाईल, या चिंतेतून दत्तक घेतला जाई. हिंदू कायद्याच्या मुंबई संप्रदायात विधवेला नवऱ्याने परवानगी ठेवलेली नसली तरी दत्तक घेता येत असे. इतर अनेक प्रांतांत तशी मुभा नव्हती. त्यात आणखी एक पेच होता. विधवेने घेतलेला मुलगा नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनच त्याचा मुलगा मानला जाई. त्यामुळे आज मांडीवर घेतलेला मुलगा उद्या न्यायालयात उभा राही आणि मधल्या वीस-पंचवीस वर्षांत झालेल्या विक्री व वाटण्यांना आव्हान देई. वकिलांच्या दोन-दोन पिढ्या अशा एकेका दाव्यावर जगल्या, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्यातला सर्वांत गाजलेला खटला पुण्याचाच आहे. लोकमान्य टिळकांचे स्नेही बाबा महाराज १८९७ मध्ये वारले आणि मृत्युपत्रानुसार टिळक त्यांच्या इस्टेटीचे एक विश्वस्त झाले. १९०१ मध्ये बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांनी औरंगाबाद येथे जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. पुढे ताई महाराजांनी ते नाकारले आणि कोल्हापूरकडील दुसरा मुलगा दत्तक घेतला. औरंगाबादेत त्या दिवशी मुलगा खरोखर मांडीवर बसवला गेला होता की नाही, या प्रश्नाभोवती साक्षीपुरावे फिरत राहिले. त्याच वादातून टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप आला, त्यांना शिक्षा झाली आणि १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. दत्तकाचा मूळ प्रश्न मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि औरंगाबादचा दत्तक वैध असल्याचा निकाल यायला १९१५ साल उजाडले. आपल्या ज्युनिअरांना मॅडम पहिल्याच आठवड्यात हा खटला वाचायला देतात. मांडीवर बसवण्याचा एक क्षण सिद्ध करायला चौदा वर्षे लागली, हे तरुण वकिलाच्या एकदा मनात बसले की तो पुढे एकही कागद निष्काळजीपणे करत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.

(दृश्य : १९५६ च्या कायद्याची झिजलेली प्रत, पानांवर पेन्सिलच्या खुणा)

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने हे बरेचसे जुने रान साफ केले. दत्तक मुलगा दत्तकाच्या दिवसापासूनच नव्या घरचा झाला आणि त्याआधी ज्याच्या नावावर जी मालमत्ता झाली असेल ती काढून घेण्याचा अधिकार त्याला उरला नाही. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. एकदा झालेला वैध दत्तक रद्द करता येत नाही, हेही याच कायद्याने स्पष्ट केले. पण प्रत्यक्ष देणे आणि प्रत्यक्ष घेणे, ही जुनी अट कायम राहिली. होम केला नाही तरी चालते. मूल हाती सोपवल्यावाचून चालत नाही. देणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोघांच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त असेल, तर दत्तक कायदेशीर झाला असे न्यायालय गृहीत धरते आणि तो खोटा असल्याचे सिद्ध करण्याचा भार विरोध करणाऱ्यावर पडतो. मॅडमच्या प्रतीत या सोळाव्या कलमाखाली दोन रेघा आहेत.

संस्थेतील मुलांचा प्रश्न या कायद्यात एका पोटकलमापुरता होता. ज्यांचे आईवडील माहीत नाहीत किंवा ज्यांनी मूल सोडून दिले आहे, त्या मुलाचा पालक न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने त्याला दत्तक देऊ शकत असे. मूल्य घेऊन मूल दिले जात नाही ना, आणि यात मुलाचे हित आहे ना, हे न्यायाधीशांनी पाहायचे. मॅडमना स्वतंत्रपणे मिळालेले पहिले काम याच पोटकलमाखालचे होते. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू दांपत्यांना तर तेवढेही दार उघडे नव्हते. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे, जे मूल सज्ञान झाले की संपे. ज्याला दहा-पंधरा वर्षे मुलगा म्हणून वाढवला तो कायद्याच्या लेखी मुलगा कधी झालेलाच नसे.

येथे एका वकिलाच्या पत्राचा उल्लेख करणे आवश्यक आहे. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे व्यवहार होत असल्याची तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्राद्वारे कळवली. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी १९८४ मध्ये दिलेल्या निकालात दत्तकाची सगळी पद्धत घालून दिली : संस्थेची मान्यता, मुलाचा अहवाल, घराचा अहवाल आणि न्यायालयाला मदत करणारी तटस्थ छाननी संस्था. पुढे १९९० मध्ये दत्तकासाठीची केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, जिला आज सर्वजण कारा म्हणून ओळखतात. आज दत्तकाच्या फायलीत जे कागद लागतात, त्यांतील अनेकांचे मूळ या निकालात सापडते.

(दृश्य : मेजावर उलगडलेली फाइल, एकेक पान उलटणारा हात)

एक फाइल आता सावकाश पाहू. सर्वांत वर अर्ज आणि वकीलपत्र. त्याखाली मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे बाल कल्याण समितीचे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र सहजासहजी मिळत नाही. आईने स्वतः येऊन मूल सोपवले असेल तर तिला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. मूल बेवारस सापडले असेल तर त्याच्या आईवडिलांचा शोध घ्यावा लागतो आणि मूल दोन वर्षांपर्यंतचे असल्यास दोन महिन्यांच्या आत, त्याहून मोठे असल्यास चार महिन्यांच्या आत समितीने निर्णय द्यायचा असतो. त्यानंतर मुलाचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, दांपत्याच्या घराचा अहवाल, विवाहाचा दाखला, उत्पन्नाचे पुरावे, प्रकृतीची प्रमाणपत्रे आणि ओळखणाऱ्यांची पत्रे येतात. येथे मॅडमचा हात थांबतो. दोन अहवालांत मुलाच्या जन्माची तारीख वेगवेगळी पडली आहे. बेवारस मुलाची जन्मतारीख मुळातच अंदाजाने ठरवलेली असते. परंतु अंदाज एकदा ठरला की तो प्रत्येक कागदावर सारखाच असला पाहिजे, कारण आदेशात जी तारीख येईल तीच जन्मदाखल्यावर, शाळेत आणि पारपत्रावर जाणार आहे. पेन्सिलने एक गोल काढला जातो आणि फाइल संस्थेकडे परत जाते.

दत्तकाच्या वकिलीतील कौशल्य बहुतांशी असे बसून करण्याचे आहे. येथे उलटतपासणी नाही, विरुद्ध बाजूचा वकील नाही, आवाज चढवण्याचा प्रसंग नाही. म्हणूनच कदाचित नवे वकील इकडे फारसे फिरकत नाहीत. शुल्कही बेताचेच असते आणि केवळ दत्तकावर चालणारे कार्यालय पुण्यात शोधूनही सापडणे कठीण. मॅडमच्या टेबलावरही वारसा दाखले आणि भाडेकरारांचे कागद आहेतच.

(दृश्य : शिवाजीनगर न्यायालयाचे आवार, मार्गिका, बंद दार)

या दाराच्या आत आपल्याला जाता आले नाही. दत्तकाची सुनावणी येथे बंद दाराआड होत असे आणि तेच योग्य होते. पट्टेवाला पुकारा करी तोही प्रकरणाच्या क्रमांकाचा. आत काय घडे ते मॅडमनी सांगितले. न्यायाधीश दांपत्याला बसायला सांगत, कागद बाजूला ठेवत आणि साधे प्रश्न विचारत : घरी आणखी कोण आहे, पुढे तुम्हाला स्वतःचे मूल झाले तर काय कराल, या मुलाला हे सारे कधी सांगणार आहात? मूल समजत्या वयाचे असेल तर त्याच्याशी वेगळे बोलत. अहवालात सर्व काही नीट लिहिलेले असूनही एका प्रकरणात आजीच्या मनातील विरोध या प्रश्नांतूनच समोर आला आणि न्यायाधीशांनी समुपदेशनासाठी सहा आठवडे दिले. त्या प्रश्नोत्तरांची नोंद रोजनाम्यात दोन ओळींत आहे. मॅडमना मात्र ती संपूर्ण आठवतात.

याच न्यायालयांनी कायदा पुढेही नेला. पोटची मुलगी असलेल्या एका दांपत्याला दुसरी मुलगी दत्तक घ्यायची होती आणि १९५६ चा कायदा त्याला आडवा येत होता. तेव्हा २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, अनाथ, सोडून दिलेल्या किंवा सोपवलेल्या मुलाच्या बाबतीत बाल न्याय कायद्याखाली, म्हणजे निराधार मुलांसाठीच्या स्वतंत्र कायद्याखाली, तो अडसर राहत नाही, असा निकाल दिला. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सांगितले. न्यायालये चुकतातही. भुसावळच्या न्यायालयाने एका घटस्फोटित स्त्रीला, ती नोकरी करते म्हणून बहिणीचे मूल दत्तक घेण्याची परवानगी नाकारली होती. न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला. वकिलाने प्रकरण नेटाने चालवले म्हणून ते घडले, एवढे येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

(दृश्य : जिल्हाधिकारी कार्यालयाचा फलक, बाहेरून)

१ सप्टेंबर २०२२ पासून बाल न्याय कायद्याखालील दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. न्यायालयांत प्रकरणे रेंगाळतात, हे त्याचे कारण सांगण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडील प्रलंबित प्रकरणे वर्ग करण्यास अंतरिम मनाई केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध आता तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. मॅडमकडील संस्थांची कामे जवळजवळ थांबली आहेत आणि दोन ज्युनिअरांपैकी एक आता बँकेच्या वसुलीची प्रकरणे पाहतो.

(दृश्य : दुय्यम निबंधक कार्यालय, प्रतीक्षेतील बाके, चार वर्षांच्या मुलीचे पाय)

राहिलेले काम १९५६ च्या कायद्याखालील, नात्यातल्या दत्तकांचे. हे दोघे सख्खे भाऊ आहेत. थोरल्याला मूल नाही. धाकट्याच्या तीन मुलींपैकी सर्वांत लहान आज थोरल्या घरी जाणार आहे. मुलगी पंधरा वर्षांच्या आत आहे, थोरल्या भावाचे आणि तिचे वय एकवीस वर्षांहून अधिक अंतराचे आहे, दोघांच्याही पत्नींची संमती लेखी आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर आईचे म्हणणे बापाइतकेच महत्त्वाचे झाले आहे, म्हणून मॅडमनी धाकट्या जावेला आदल्या दिवशी एकटीला बोलावून दस्त वाचून दाखवला होता. आता अंगठे आणि छायाचित्रे होत आहेत.

(दृश्य : कार्यालयाबाहेरील झाडाखालचा पार)

दस्तात लिहिलेले प्रत्यक्षात घडावे लागते, म्हणून सह्या करण्याआधी सकाळीच सर्वजण या पारावर बसले होते. आईने मुलीला उचलून जावेच्या मांडीवर ठेवले. पुराव्यासाठी ज्युनिअर मोबाइलवर छायाचित्र घेत होता. मध्येच कोणीतरी आडवे आले आणि ज्युनिअरने सर्वांना तेवढे पुन्हा एकदा करण्याची विनंती केली.

“पुन्हा नाही,” मॅडम म्हणाल्या. “एकदा दिली ती दिली. आता मांडीवर बसली आहे, तशीच काढ.”