अर्ध्या तासाचे एवढे?

(वरून घाट. पिवळा ढग. आवाज नाही.)

हा बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळवायची चढाची वाट. हा पिवळा ढग दिसतोय ना, तो भंडारा, उधळलेली हळद. त्याच्या आत चार बैल, एक गाडा, पुढं पळणारी घोडी आणि दोन्ही बाजूला निम्मा तालुका आहे. बारी, म्हणजे एका गाड्याची एक धाव, सुटली की बारा-तेरा सेकंदांत खेळ संपतो. खाली कडेला उभं राहिलेल्याला बैलांचं तोंड दिसतं, मग धुरळा, मग काहीच नाही. अख्खा घाट पायथ्यापासून निशाणापर्यंत एका नजरेत बघायला मिळतो तो फक्त वरून.

आणि तो बघणारा माणूस कोण, तर उजव्या कोपऱ्यात बघा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा आहे तो, डोक्यावर टोपी, मान खाली. सगळं गाव घाटाकडं बघतंय आणि हा एकटा हातातल्या स्क्रीनकडं. नाव नको टाकू म्हणाला. गावात सगळे ड्रोनवाला म्हणतात, मग आपण पण तेच म्हणू.

हा जुन्नर-आंबेगाव-खेडचा पट्टा. इथं यात्रा म्हटलं की घाट आणि घाट म्हटलं की गाडा. पण मधली बरीच वर्षं हे घाट गवतात गेले होते. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, शर्यती बंद झाल्या. आता गंमत बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्यानं, नोटीस काढली की नियम होईपर्यंत कुणी ड्रोन उडवायचा नाही. म्हणजे बैल पण बांधलेला आणि ड्रोन पण. डिसेंबर २०१८ पासून ड्रोनला नियम आले, पण ते एवढे किचकट की गावाकडच्या पोराला ते वाचूनच घाम फुटायचा. मग २५ ऑगस्ट २०२१ ला नवीन ड्रोन नियम आले, बरंच सोपं झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कोर्टानं शर्यतीला परवानगी दिली. १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा शर्यतीचा कायदा पण कायम ठेवला. घाट बंद झाले तेव्हा या भागात ड्रोन कुणाकडं नव्हता, आणि घाट उघडले तेव्हा पहिल्याच यात्रेला वर आकाशात घरघर. हे दोघं एकदमच सुटले असं आमचा ड्रोनवाला म्हणतो, आणि त्याचं पोट तिथूनच सुरू झालं.

(ट्रॉलीवरून. हात. बोटं.)

आता हे हात बघा, कारण पैसे ह्या हातांचे आहेत.

बारी बारा सेकंदांची आहे, म्हणजे चुकायला जागा नाही. रिटेक नाही, बैलाला परत पळ म्हणता येत नाही. ड्रोनला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो, म्हणून गाडा सुटायच्या आधी ह्यानं सुटायचं, पण फार आधी सुटला तर बैल फ्रेमच्या मागं राहतात आणि उशीर झाला तर नुसता भंडारा मिळतो. त्यामुळं हा बैलांकडं बघतच नाही, गाडा जुपताना धरणारी जी माणसं आहेत ना, त्यांच्या खांद्यांकडं बघतो. खांदे सैल पडले की अंगठा पुढं. हे त्याला कुठल्या कोर्सात शिकवलं नाही, हे तो लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघायचा.

उंची किती ठेवायची हे पण ठरलेलं. खाली आणला तर बैल बुजतो, आणि बैल बुजला तर गाडामालक काय करेल ते सांगायला नको. फार वर नेला तर बैल मुंगीएवढे. मधलं कुठंतरी, पिंपळाच्या शेंड्याच्या जरा वर, असं तो सांगतो. मीटरमध्ये सांग म्हटलं तर म्हणाला स्क्रीनवर बघावं लागेल.

(ड्रोन खाली येतो. तो हातात झेलतो.)

हे स्टाईल म्हणून नाही. जमिनीवर उतरवला तर पंख्याच्या वाऱ्यानं माती उडते आणि ती गिंबलमध्ये, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागात, जाऊन बसते, म्हणून हातात. एक बॅटरी, कंपनी सांगते अर्धा तास, घाटावरचं ऊन-वारा धरून वीस-बावीस मिनिटं. दिवसाला शंभराच्या वर बाऱ्या. बॅटऱ्या पाच. म्हणजे एक वर, एक गार होतेय, तीन गाडीतल्या इन्व्हर्टरवर, आणि ते फिरवत बसायला चुलतभाऊ. तो चुलतभाऊ बघा मागं, वडापाव एका हातात आणि बॅटरी दुसऱ्या हातात. दुपारी वारा वाढला की हलका ड्रोन नाचायला लागतो. बाजारात जे २४९ ग्रॅमवाले मिळतात ते नॅनोत, म्हणजे नियमातल्या सगळ्यात हलक्या गटात बसतात, त्यांना पायलट सर्टिफिकेट लागत नाही म्हणून पोरं तेच घेतात, पण घाटाच्या तोंडाशी जो वारा येतो त्यात ते पतंगासारखे वागतात. ह्याच्याकडं दोन आहेत, एक हलका, एक भारी. भारीवाल्याचा हप्ता अजून चालू आहे.

पैसे कसे, तर यात्रा कमिटीकडून दिवसाचे सहा हजार. हा त्याचा रेट, दुसऱ्याचा वेगळा असेल. पण खरी कमाई संध्याकाळी. गाडामालकाला आपली बारी पाहिजे असते, गाणं लावून, स्लो करून, बैलाचं नाव टाकून, स्टेटसला ठेवायला. एका क्लिपचे पाचशे. चांगल्या यात्रेत वीस-पंचवीस क्लिपा जातात. यात्रेचा सीझन पण ठरलेला, उन्हाळ्याचे महिने, पाऊस पडला की घाट बंद आणि हा बेकार.

म्हणून मग लग्नं.

(मंडप वरून. अक्षता. पोरं ड्रोनमागं पळतायत.)

लग्नात काम सोपं असं सगळ्यांना वाटतं. हे बघा, नवरदेवाची एन्ट्री, मंडपाच्या दोन्ही बाजूला विजेच्या तारा, वरून स्काय शॉट सुटणार, समोरून कागदाचे तुकडे उडवणारं मशीन, आणि नवरीचा मामा सांगतोय अजून खाली घे, अजून खाली. त्या कागदाचा एक तुकडा पंख्यात अडकला तर ड्रोन कुणाच्या डोक्यावर येईल सांगता येत नाही. तो मामाला हो हो म्हणतो आणि खाली घेत नाही. हे हो हो म्हणायचं कौशल्य पण रेटमध्ये धरायला पाहिजे खरं तर.

लग्नाचे पैसे फोटोग्राफरकडून येतात, पार्टीकडून नाही. फोटोग्राफरच्या पॅकेजमध्ये एक ओळ असते, ड्रोन. त्यातले ह्याला अर्ध्या दिवसाचे चार-पाच हजार, ते पण अल्बम झाला की देतो ह्या बोलीवर, आणि अल्बम कधी होतो, तर पार्टी फोटो निवडेल तेव्हा. पार्टीनं फोटो निवडायच्या आधी बारसं झालेलं त्यानं बघितलंय.

आणि दर लग्नात कुणीतरी काका जवळ येऊन विचारतो. किती घेतो रे? सांगितलं की म्हणतो, अर्ध्या तासाचे एवढे?

(रात्र. खोली. लॅपटॉप.)

हा काकांच्या प्रश्नानंतरचा शॉट आहे. रात्रीचे साडेअकरा. कार्डं खाली करायची, दोन हार्ड डिस्कवर कॉपी करायची, एक डिस्क एकदा गेली होती तेव्हापासून दोन. मग रंग. ऊन जास्त होतं म्हणून कॅमेऱ्यावर एनडी फिल्टर लावलेला, तो काळ्या काचेचा तुकडा असतो, सेकंदाला पंचवीस फ्रेम घेताना शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवायचं तर भर उन्हात तो लागतोच, नाहीतर बैलाचे पाय पळताना दिसत नाहीत, टकटक उडी मारल्यासारखे दिसतात. मग आवाज. ड्रोनच्या व्हिडिओला आवाज नसतो हे फार जणांना माहीतच नाही, वर नुसती घरघर, ती रेकॉर्ड करून काय उपयोग. घाटावरचा आरडाओरडा, माईकवाल्याचं पुकारणं हे चुलतभाऊ दुसऱ्या मोबाईलवर घेतो, ते ह्यानं बारीला जुळवायचं, एकेक बारी. वीस क्लिपा म्हणजे पहाट.

(आई दारात. ताट झाकून ठेवते. इथं निवेदन नाही.)

तिसरं काम प्लॉटिंगचं. हे बघा, चार मुरमाचे रस्ते, चुन्याच्या रेषा आणि मागं डोंगर. वरून सगळीच जमीन सुंदर दिसते. त्यावर बाण टाकायचे, हायवे पाच मिनिटं, स्टँड दहा मिनिटं. कुठल्या गाडीनं ते विचारू नका. पण ह्या लोकांचे पैसे वेळेवर येतात हे सांगायला पाहिजे. एक बांधकामवाला तर दर महिन्याच्या एक तारखेला बोलावतो, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच कोनातून बिल्डिंग किती वर आली ते काढायचं. बघायला सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि घरातलं लाईटबिल आणि हप्ता त्याच्यावर चालतो. आम्ही ह्याचे तीन महिन्यांचे शॉट एकावर एक लावलेत, बघा, पहिला स्लॅब, दुसरा, तिसरा.

कुठं उडवायचा नाही ते पण माहीत असावं लागतं. डिजिटल स्काय नावाचा सरकारी नकाशा आहे, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी मागावी लागत नाही, पिवळ्यात विमानवाल्यांची, लालमध्ये थेट केंद्राची. शिवनेरी इथून दिसतो, पण किल्ला पुरातत्व खात्याकडं आहे, तिथं परवानगीशिवाय ड्रोन नाही, म्हणून किल्ल्याचे शॉट आपण खालून पायी घेतलेत. खोडदची रेडिओ दुर्बीण, त्या ४५ मीटरच्या डिशा, त्या पण रस्त्यावरूनच. लोक म्हणतात घे ना पटकन, कोण बघतंय. हा घेत नाही. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोननं धंदा करायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट पाहिजे, दहावी पास, वय १८ ते ६५, ट्रेनिंग करावं लागतं, मग ते दहा वर्षं चालतं. ह्यानं काढलं, एका सीझनची कमाई गेली त्यात. नंबर, विमा हे पण आलंच. २०२२ च्या फेब्रुवारीत बाहेरून तयार ड्रोन आणायला सरकारनं बंदी घातली, त्यानंतर पार्ट मिळवणं म्हणजे शोधाशोध, एका पंख्यासाठी हा पुण्याला दोन चकरा मारून आलाय.

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला ह्या भागात रात्रीचे ड्रोन दिसतात म्हणून बोंब उठली होती, लोकं काठ्या घेऊन राखणीला बसायची, चोर टेहळणी करतात असं बोललं जायचं, ह्याला पण दोनदा विचारपूस झाली आणि महिनाभर कामं गेली. एक ड्रोन धरणात गेला, एक तारेत, एकदा बोट कापलं. त्याचं शूट आपल्याकडं नाही.

(संध्याकाळ. घाट रिकामा. भंडाऱ्यानं पिवळी झालेली माती.)

शेवटची बारी झाली. कमिटीवाले हिशोबाला बसलेत. आणि हे बाबा बघा, फेटा, कानात भिकबाळी, सकाळच्या चौथ्या बारीचे गाडामालक. त्यांना आपली बारी बघायचीय. ड्रोनवाला लॅपटॉप उघडतो, ट्रॉलीच्या फळीवर ठेवतो, हातानं ऊन अडवतो. बाबा बघतात. परत लाव म्हणतात. परत बघतात. पाच वेळा. आम्ही कॅमेरा चालूच ठेवला होता.

मग बाबा म्हणाले, ते जसंच्या तसं देतो, "समदं दिसतंय रं वरून. घाट दिसतो, मानसं दिसत्यात. पन बैलाचं तोंड न्हाई दिसत."

ड्रोनवाला गप्प.

"फुडच्या टायमाला खालून बी काढ."

"काढतो की बाबा. खालचे येगळे पैसे पडतील."

बाबांनी पाचशेची नोट काढली, घासाघीस नाही. वरून त्यालाच विचारलं, दिवसातला किती वेळ जातो रे तुझा ह्याच्यात?

चुलतभावानं सगळ्या बॅटऱ्या मोजून पेटीत ठेवल्या. उद्या एक तारीख आहे, सकाळी सातला बिल्डिंगचा चौथा स्लॅब.