घरातला अँटेना: आधी जागा बदलून बघा

नमस्कार श्रोतेहो.

न्यू जर्सीतल्या आपल्या बऱ्याच मराठी घरांतून आता केबल काढून टाकलेली आहे. बिल परवडत नाही, किंवा परवडतं पण द्यावंसं वाटत नाही. मग कोणीतरी सांगतं की न्यूयॉर्कची सगळी मोठी चॅनल्स अँटेनावर फुकट दिसतात. दुकानातून तो पातळ, कागदासारखा चौकोनी अँटेना येतो, टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटतो, आणि चित्र अडखळायला लागलं की महिन्याभरात कपाटात जातो. आज मी बोलणार आहे ते त्या कपाटातल्या अँटेनासाठी. त्यातले बहुतेक अँटेना चांगले असतात, पण चुकीच्या जागी लावलेले असतात.

आपल्यातल्या ज्यांनी दूरदर्शनचे दिवस पाहिलेत, त्यांना सिग्नल कमी पडला की काय व्हायचं ते आठवत असेल. पडद्यावर मुंग्या यायच्या, माणसांना सावल्या फुटायच्या, पण मॅच बघता यायची. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं ते जुन्या पद्धतीचं प्रसारण 12 जून 2009 रोजी बंद झालं. डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. टीव्हीला सिग्नल आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा, म्हणजे हवेतल्या नको असलेल्या विद्युत लहरींपेक्षा, साधारण 15 डेसिबलने वर लागतो. डेसिबल हे सिग्नलचा जोर मोजायचं माप. 17 असला तर चित्र लख्ख, 15च्या काठावर असला तर चौकोन पडतात आणि आवाज तुटतो, 13वर आला की काळा पडदा आणि ‘नो सिग्नल’. म्हणजे जे चॅनल ‘आमच्याकडे येतच नाही’ असं आपण म्हणतो, ते कित्येकदा फक्त दोन-तीन डेसिबलने अडलेलं असतं. आणि तेवढे डेसिबल घरातल्या घरात मिळवता येतात, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

सिग्नल येतो कुठून, ते आधी बघू. न्यूयॉर्कच्या बहुतेक मोठ्या केंद्रांचे ट्रान्समीटर मॅनहॅटनमधल्या दोन इमारतींवर आहेत, वन वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग. पूर्वी यातली बरीच केंद्रं जुन्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर होती. 11 सप्टेंबर 2001ला तो मनोरा पडला, तेव्हा तिथे कामावर असलेले प्रसारण केंद्रांचे सहा अभियंते गेले. चॅनल 2ची पर्यायी सोय एम्पायर स्टेटवर होती, म्हणून ते त्या दिवशीही अँटेनावर दिसत राहिलं. फुकट दिसणाऱ्या या चित्रामागे अशी माणसं असतात, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

एडिसनहून मॅनहॅटनचं दक्षिण टोक साधारण 25 मैलांवर आहे, ईशान्येला. तुमच्या घराची नेमकी दिशा हवी असेल तर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या वेबसाइटवर टीव्ही रिसेप्शनचा नकाशा आहे. त्यात आपला पत्ता घातला की प्रत्येक केंद्र कोणत्या दिशेला, सिग्नल किती जोरकस, आणि ते खरं कोणत्या चॅनलवरून येतं, सगळं दिसतं. फोनमधलं होकायंत्र उघडायचं आणि ती दिशा घरात उभं राहून बघायची. तिकडे खिडकी असेल तर अर्धं काम झालं.

टीव्हीच्या मागची जागा ही घरातली सर्वांत वाईट जागा. टीव्हीच्या आत धातूचा पत्रा आहे, शिवाय त्याचे स्वतःचे विजेचे सर्किट गोंगाट करतात. आपल्या इथल्या घरांच्या भिंतीही बघा. बाहेर अ‍ॅल्युमिनियमचं साइडिंग असेल, किंवा आत चकचकीत फॉइल लावलेलं इन्सुलेशन असेल, तर सिग्नल बाहेरच अडतो. नव्या खिडक्यांच्या काचांवर उष्णता अडवायला धातूचा अगदी पातळ थर दिलेला असतो, तोही सिग्नल खातो. तशी खिडकी असेल तर शेजारची साधी लाकडी भिंत जास्त चांगली निघू शकते. बेसमेंटमध्ये मोठा टीव्ही लावणाऱ्यांची संख्या आपल्यात कमी नाही. त्यांनी अँटेना बेसमेंटमध्ये ठेवूच नये. वरच्या मजल्यावर लावावा आणि केबल खाली आणावी.

आता प्रत्यक्ष काम. हे दोघांनी मिळून करायचं. एकाने अँटेना धरायचा, दुसऱ्याने टीव्हीच्या सेटिंगमधला सिग्नलचा आकडा बघायचा. बहुतेक टीव्हींत तो कुठेतरी असतो, थोडा शोधावा लागतो. जे चॅनल सगळ्यांत जास्त त्रास देतं तेच लावून ठेवा. चांगली दिसणारी चॅनल्स बघून जागा ठरवण्यात अर्थ नाही. अँटेना निळ्या पेंटर्स टेपने खिडकीला तात्पुरता चिकटवा, हात काढा, दोन पावलं मागे या आणि पाच-सहा सेकंद थांबा. हात काढायचा याचं कारण असं, की आपलं शरीरही सिग्नल अडवतं आणि परतवतं. धरलेला असताना उत्तम येणारं चॅनल सोडल्यावर जातं ते म्हणूनच. मग एक वीत सरकवा. पुन्हा थांबा. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि वीतभर अंतरावर एकीकडे जोर, दुसरीकडे खळगा तयार होतो. म्हणून मोठ्या उड्या मारू नका, वीत-वीत जा. वरच्या कोपऱ्यात एकदा, पडद्याच्या दांडीजवळ एकदा, खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर एकदा.

एवढं करूनही एक तक्रार हमखास उरते. ‘2 येतं, 4 येतं, पण 7 आणि 13 येत नाही.’ एडिसनमधल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंची हीच अडचण होती. नातवंडांचे कार्यक्रम 13वर, आणि नेमकं तेच गायब. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

पडद्यावर दिसणारा आकडा हा केंद्राचा जुना, ओळखीचा आकडा. लहरी मात्र वेगळ्याच चॅनलवरून येतात. पडद्यावरचं 2 प्रत्यक्षात 36वरून येतं, 4 येतं 35वरून. हे दोन्ही यूएचएफ, म्हणजे आखूड लहरी, अर्धी लांबी 10 इंचांच्या आसपास. छोटा चौकोनी अँटेना त्यांना छान पकडतो. पण 7 खरोखरच 7वरून येतं, 11 येतं 11वरून, आणि 13 येतं 12वरून. हे व्हीएचएफ, म्हणजे लांब लहरी. 7च्या लहरीची अर्धी लांबी साधारण 33 इंच भरते. एवढ्या लांब लहरीला वहीच्या पानाएवढा अँटेना अपुरा पडतो. खोक्यावर कितीही मोठ्या अक्षरांत ‘डिजिटल’ आणि ‘एचडी’ छापलेलं असो, अँटेनाला डिजिटल कळत नाही. त्याला फक्त लहरीची लांबी कळते.

काकूंना मी जुन्या पद्धतीचा, दोन सरकत्या दांड्यांचा अँटेना घ्यायला सांगितला. खाली यूएचएफसाठी एक कडी, वर दोन दांड्या. दांड्या पूर्ण बाहेर ओढायच्या नाहीत. प्रत्येक दांडी 16 इंचांच्या आसपास ठेवायची, दोन्ही जवळजवळ आडव्या करायच्या, आणि त्यांची टोकं नाही तर त्यांची आडवी बाजू ईशान्येकडे करायची. ‘अरे, हा तर आमच्या गिरगावच्या घरातला अँटेना!’ काकू म्हणाल्या. संध्याकाळी 13 लागलं.

गोंगाटाचा त्रासही या व्हीएचएफलाच जास्त. खिडकीजवळ स्वस्तातला एलईडी दिवा किंवा फोनचा चार्जर असेल तर तो काढून बघा. एखादा दिवा बंद केल्यावर चॅनल 7 सुधारताना मी पाहिलेलं आहे.

अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी, घ्यावा का, हे सगळे विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यात शेवटी. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो. अँटेनाला जे मिळालेलंच नाही ते तो निर्माण करू शकत नाही. लांब केबलमध्ये आणि एका केबलच्या दोन करणाऱ्या स्प्लिटरमध्ये जे गळतं, ते मात्र तो भरून काढतो. एका केबलवर दोन टीव्ही लावले की प्रत्येकाला निम्म्याहून कमी जातं, तिथे त्याचा उपयोग आहे. जर्सी सिटीत, हडसनच्या काठावर राहणाऱ्यांनी तर तो लावूच नये. समोर वन वर्ल्ड ट्रेड सेंटर उभं असताना सिग्नल आधीच इतका असतो की टीव्ही गांगरतो. अँटेनाबरोबर आलेला असेल तर काढून ठेवा आणि फरक बघा.

जागा पक्की झाली की चॅनल्सचं स्कॅन पुन्हा करायला विसरू नका. जुनी यादी पुसायची असेल तर अँटेना काढून एकदा रिकामं स्कॅन करा, मग जोडून दुसऱ्यांदा.

प्लेन्सबोरो, वेस्ट विंडसर, प्रिन्स्टनकडच्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. तुम्ही दोन शहरांच्या मध्ये आहात. न्यूयॉर्क ईशान्येला, आणि फिलाडेल्फियाचे ट्रान्समीटर नैर्ऋत्येला, रॉक्सबरो भागात. एकाच खिडकीतून दोन्ही मिळवण्याचा हट्ट धरला तर दोन्ही अर्धवट येतात. नकाशात ज्याचा जोर जास्त ती दिशा निवडा. फिलाडेल्फिया निवडलंत तर तिथलं चॅनल 6 खरोखरच 6वरून येतं. त्याची लहर आणखी लांब. त्याच्यासाठी दांड्या 35 इंचांपर्यंत ओढाव्या लागतात, आणि घरातल्या अँटेनावर ते सगळ्यांत उशिरा वठणीवर येतं. ते लागेपर्यंत बाकीची चॅनल्स बघत राहा. नमस्कार.