बोटीवरचं पाणी

(दृश्य : काचेच्या गोल झरोक्याआड उसळणारं पाणी)

हे समुद्राचं पाणी उकळतंय. पण चहाच्या आधणाइतकं ते तापलेलं नाही. या बंद भांड्यातली जवळजवळ सगळी हवा बाहेर ओढून घेतलीय. वरून दाब अगदी थोडा उरतो, म्हणून पाणी ४५ अंशांच्या आसपासच उसळ्या मारायला लागतं.

त्यासाठी वेगळं तेल जाळत नाहीत. मुख्य इंजिन गार ठेवायला त्याच्या अंगातून जे पाणी फिरवतात, ते ८० अंशांच्या घरात तापून बाहेर पडतं. तीच ऊब इथे कामाला येते. इंजिनरूमच्या कोपऱ्यातलं हे यंत्र दिवसाला वीस-पंचवीस टन गोडं पाणी काढतं.

(दृश्य : उघडलेलं यंत्र. टायटॅनियमच्या पत्र्यांवर पांढरं कवच)

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले थोडे इथे असे चिकटून बसतात, बाकीचे उरलेल्या खाऱ्या पाण्याबरोबर परत समुद्रात जातात. वाफ तेवढी वर चढते. वाटेत तारेची दाट जाळी आहे. वाफेसोबत उडालेले खारे थेंब तिथे अडतात. पुढे गार पत्र्यांना लागून वाफेचं पाणी होतं. शाळेत आपण ज्याला ऊर्ध्वपातन म्हणायचो, ते हेच.

(दृश्य : क्षारमापक, लाल दिवा)

दहा लाख भागांत १० भागांहून जास्त क्षार दिसले की हा दिवा पेटतो. झडप आपोआप फिरते आणि ते पाणी टाकीपर्यंत पोचतच नाही. आमच्या मुक्कामात तो एकदाच पेटला, पहाटे. फोर्थ इंजिनीअर जिना उतरत नव्हता, उडी मारत होता.

(दृश्य : डेकवरून समुद्र, मग जुन्या शिडाच्या जहाजाचं चित्र)

ही युक्ती जुनी आहे. जहाजावर समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या उपकरणासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १७७२ साली चार्ल्स आयर्विंगला ५००० पौंड दिले. त्याच वर्षी निघालेल्या कॅप्टन कुकच्या ‘रेझोल्यूशन’वर ते उपकरण होतं. आज कुवेतमध्ये राहणारी आपली माणसं नळाचं जे पाणी पितात, त्यातही मोठा वाटा समुद्रातून असंच काढलेल्या पाण्याचा असतो.

तरी असं ऊर्ध्वपातनाचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, प्यायलं की हाडं पोकळ होतात, असे निरोप मोबाइलवर फिरत राहतात. शरीराला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम बहुतेक जेवणातून येतं. ताट भरलेलं असेल तर हे पाणी विष नाही.

(दृश्य : फिटर दगडी खड्यांनी भरलेलं नळकांडं उघडतोय)

मात्र यंत्रातून निघालेलं पाणी थेट पेल्यात येत नाही. ते अळणी लागतं, आणि कोरं असल्यामुळे पाइपातला धातू अंगात घेतं. म्हणून ते आधी या चुनखडीसारख्या खड्यांमधून झिरपवतात. क्षार परत मिळतात, चव येते. ४५ अंशांवर सगळे जंतू मरत नाहीत, त्यामुळे पुढे क्लोरीन किंवा अतिनील दिवा असतोच. हे नळकांडं वेळेवर भरणारा माणूस आम्हाला कॅप्टनइतकाच मोलाचा वाटला.

(दृश्य : घामाने भिजलेला मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला कामगार, बाटली तोंडाला)

इतका घाम गाळून मीठ न घेता नुसतं पाणीच ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. माणूस गोंधळतो, कोसळूही शकतो.

(दृश्य : पेट्रोल पंपावरचा बॅटरीच्या पाण्याचा कॅन)

आणि हे पाणी पिऊ नका. नाव ‘डिस्टिल्ड वॉटर’च असलं तरी ते पिण्यासाठी बनवलेलं नसतं, कॅनही त्यासाठीचा नसतो.

(दृश्य : गॅली, म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर. भंडारी (आचारी) चहा गाळतोय. खिडकीत दूरवर किनाऱ्याचे दिवे)

किनारा वीस मैलांवर आला. इथून पुढे पाण्यात शहराची घाण मिसळलेली असते. खाली सेकंड इंजिनीअरने यंत्र थांबवलंय. बंदर सोडेपर्यंत आता टाकीत आहे तेवढंच.