वारा गार, ऊन तेच

मंडळी, मे महिन्यात मिरामारच्या वाळूत पाय भाजतात आणि आपण म्हणतो, ऊन कडक आहे. डिसेंबरात वारा सुटला की तेच ऊन कोवळं वाटतं. ही जाणीव उष्णतेची. उन्हातले अतिनील, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, किरण अंगावर पडताना कळतच नाहीत. कातडी काही तासांनी लाल होते, तेव्हा समजतं. पातळ ढगांतूनही त्यांतले बरेच खाली येतात. त्यात गोवा १५ अंश अक्षांशावर. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. शिवाय हे किरण अडवणारा वातावरणातला ओझोनचा थर उष्ण कटिबंधात मुळातच थोडा पातळ.

हे किरण तरंगलांबीवरून ओळखतात, ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. २८० नॅनोमीटरच्या खालचे किरण वातावरणातच अडतात. ३१५ ते ४०० मधले बहुतेक सगळे जमिनीपर्यंत पोचतात, पण त्यांचा मारा त्यामानाने सौम्य. खरी खोड मधल्यांची, २८० ते ३१५ वाल्यांची. ओझोनमधून निसटलेले हे थोडेच किरण पेशीतल्या डीएनएवर पडतात आणि शेजारशेजारचे दोन थायमिन, म्हणजे डीएनएच्या साखळीतले दोन घटक, एकमेकांना चिकटवून टाकतात. मग त्या जागी डीएनएची नक्कल अडते, नाहीतर चुकते.

यावर निसर्गाचा तोडगा असा, की मला वर्गात शिकवतानाही दरवेळी त्याची मजा वाटायची. फोटोलायेज नावाचं एक एन्झाइम त्या चिकटलेल्या जागी जाऊन बसतं, निळा प्रकाश शोषतं आणि त्याच्याच जोरावर जोडी सोडवतं. म्हणजे बिघाड उन्हाचा आणि दुरुस्तीही उन्हाच्याच बळावर! झाडांकडे, माशांकडे, बेडकांकडे हे एन्झाइम आहे. गायबैल, कुत्री आणि आपण मात्र ते गमावून बसलो आहोत. आपली दुरुस्ती वेगळ्या, लांबच्या वाटेने होते. बेडकांतही ते सगळ्यांकडे सारखं नाही. अमेरिकेत ऑरेगॉनच्या डोंगरी तळ्यांत केलेला एक प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या जातीच्या अंड्यांत हे एन्झाइम भरपूर, तिची पिल्लं उन्हातही नीट निघाली. ज्यांच्यात कमी, त्यांची अंडी जास्त मेली. हे किरण गाळून टाकल्यावर त्यांचीही पिल्लं जास्त निघाली.

आता झाडं. त्यांना सावलीत जाऊन बसता येत नाही, म्हणून ती पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड्स भरतात. ही रसायनं अतिनील किरण वरच्यावर गिळतात आणि आतलं हरितद्रव्य वाचतं. पण हा बंदोबस्त ऊन बघून होतो. तुमच्या कुळागरात बघा: वर माड-पोफळी, खाली मिरवेल, जायफळ. खालची पानं रुंद, पातळ, गर्द हिरवी. वादळात एखादा माड पडला आणि वर भगदाड झालं की आठवड्याभरात त्याखालच्या मिरवेलीची पानं पिवळट, मग तपकिरी चट्ट्यांची होतात. सगळा दोष अतिनील किरणांच्या माथी मारू नका हं. प्रखर उजेड आणि उष्णताही त्यात आहेत. पण सावलीतल्या पानाकडे तिघांपैकी कोणासाठीच तयारी नसते.

जनावरांत रंगाला महत्त्व. आपलं गावठी काळं डुक्कर उन्हात बिनधास्त हिंडतं. पांढऱ्या विदेशी जातीचं कानावर, पाठीवर भाजून निघतं. पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गाईंत डोळ्याच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त, पांढऱ्या मांजरांत कानाच्या टोकाच्या कर्करोगाचं. पाण्यातही सुटका नाही, फक्त पाणी कसं आहे त्यावर ठरतं: पावसाळ्यातल्या गढूळ मांडवी नदीत किरण वरच अडतात, नितळ समुद्रात बरेच खोल जातात.

ओझोनचं काय, असं हमखास विचारतात. अंटार्क्टिकावरचं छिद्र १९८५ मध्ये जगापुढे आलं. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ च्या डिसेंबरात आपल्या गोव्यातूनच निघाली होती, म्हणून तो प्रदेश आपल्याला तसा परका नाही. १९८७ च्या माँट्रियल कराराने ओझोन खाणारी सीएफसी ही रसायनं आवरली. भारत त्यात १९९२ मध्ये आला. अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल असा अंदाज आहे. पण तो पूर्ण भरला तरी आपलं मे महिन्यातलं ऊन आहे तसंच राहणार.

पुढच्या रांगेतून प्रश्न आलाय, रोपांवरची सावलीची हिरवी जाळी कधी काढायची? एकदम काढू नका. आधी सकाळचं ऊन दाखवा, मग हळूहळू वेळ वाढवा. जुनी पानं करपली तरी रोप उपटू नका. नवा कोंब उघड्यावर फुटला की तो आपला बंदोबस्त करूनच येतो. नजर त्याच्यावर ठेवा.