मॉर्वेनस्टो: बुडालेल्यांना जागा देणारं गाव

हे जे कडे दिसतायत ना, सरळ तोडल्यासारखे, खाली नुसते काळे दगड आणि अटलांटिक, ही इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची अगदी उत्तरेकडची पॅरिश, मॉर्वेनस्टो. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला सगळा मुलूख. इथे सलग वस्ती अशी नाहीच, चार घरं इकडे, दोन तिकडे, आणि उतारावर नॉर्मन, म्हणजे साधारण बाराव्या शतकातल्या धाटणीच्या, कमानींचं जुनं चर्च.

1834 मध्ये इथे रॉबर्ट स्टीफन हॉकर पाद्री म्हणून आला. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं पाद्री इथे राहतच नव्हते. आणि हा माणूस म्हणजे एक नमुनाच, अंगात निळी कोळ्याची जर्सी, पायात लांब बूट, डोक्यावर गुलाबी टोपी, आणि सोबत पाळलेलं डुक्कर! घर बांधलं तर धुराड्यांना चर्चच्या मनोऱ्यांचे आकार दिले, एकाला आईच्या थडग्याचा.

पण त्याचं खरं काम खाली किनाऱ्यावर. वादळात जहाज दगडांवर आपटलं की प्रेतं वाहून यायची, कधी नुसते तुकडे, आणि पूर्वी लोक ती तिथेच वाळूत पुरून मोकळे व्हायचे. हॉकर मात्र माणसं घेऊन कडा उतरायचा, त्या वासात कुणी टिकेना म्हणून त्यांना जिन नावाची दारू पाजायचा, आणि सापडेल ते सगळं वर आणून चर्चच्या आवारात रीतसर पुरायचा. असे चाळीसच्या वर खलाशी इथे आहेत, बऱ्याच जणांचं नावसुद्धा माहीत नाही.

सप्टेंबर 1842, स्कॉटलंडच्या आर्ब्रोथचं कॅलेडोनिया जहाज फुटलं, वाचला एकच जण. बाकीच्यांच्या कबरीपाशी हॉकरने जहाजाच्या नाकावरची लाकडी बाई उभी केली, पांढरीशुभ्र, हातात तलवार नि ढाल. मूळ बाई आता चर्चच्या आत ठेवलीय, बाहेर दिसते ती तिची नक्कल.

बाय द वे, इंग्लंडच्या चर्चमध्ये आज जो सुगीचा सण करतात ना, त्याची सुरुवात 1843 मध्ये याच चर्चमधून झाली असं मानतात.

आता जरा कड्यावर या. वाकून आत शिरावं लागतं अशी ही झोपडी हॉकरने फुटलेल्या जहाजांच्या आणि वाहून आलेल्या लाकडांची बांधली, इथे बसून तो कविता लिहायचा आणि अफू ओढायचा. आज ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, त्यांची सगळ्यात छोटी वास्तू. भिंतीच्या फळ्यांवर येणाऱ्याजाणाऱ्यांनी नावं कोरून ठेवलीयत, आपल्या किल्ल्यांवर कोरतात तशीच, आणि दार उघडलं की समोर फक्त पाणी.