पन्हं, मोगरा आणि 160 चौरस फूट

[सकाळ. दादर पश्चिम, फूलबाजार.]

साडेसात वाजलेत. दादर स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की बाजाराच्या आधी वास भेटतो. ओल्या गोणपाटाचा, तुळशीचा, पायाखाली चिरडलेल्या शेवंतीचा, आणि मधूनच गटाराचाही. खोटं कशाला बोला.

झेंडू नि शेवंती इथे किलोवर. पॉलिहाऊसचा गुलाब वीसच्या जुडीत, जर्बेरा दहाच्या. सोनचाफा मात्र नग मोजून, वसईकडून आलेला, डबीत एकेक फूल झोपवल्यासारखं ठेवलेलं.

माझी मावशी या सगळ्याकडे ढुंकून बघत नाही. ती टिळक पूल ओलांडून नायगावहून चालत आलीय ती मोगऱ्यासाठी. घमेल्यातली मूठभर फुलं उचलते, तळव्यावर पसरते, आणि परत टाकते.

"उमललेलीच आहेत गं निम्मी. कळ्या दे."

"ताई, फुललेल्याला वास जास्त."

"आत्ता जास्त. संध्याकाळी मान टाकतील."

मावशीचं बरोबर आहे. मोगरा उमलतो दिवस कलल्यावर. म्हणून जव्हार-विक्रमगडकडचे शेतकरी पहाटेच्या अंधारातच कळ्या खुडतात. सकाळी दादरला पोचलेली मिटलेली कळी ओल्या फडक्यात सांभाळली, तर पाहुणे दारात येतात नेमकी तेव्हाच ती उघडते. फूल घेताना मावशीच्या डोक्यात घड्याळ असतं.

[नायगाव. बीडीडी चाळ, मधला पॅसेज.]

आज तिच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. चैत्रातल्या तृतीयेला गौर माहेरी येते, महिनाभर पाळण्यात बसते आणि अक्षय तृतीयेला सासरी जाते. त्या महिन्यात सोयीचा एखादा दिवस धरून बायकांना बोलवायचं. मुंबईत सोयीचा दिवस म्हणजे रविवार, पण मावशी मुद्दाम शुक्रवार धरते. रविवारी बायकांना घरचंच दुप्पट काम असतं, म्हणते.

ही चाळ 1920च्या दशकातली. एका इमारतीत 80 खोल्या, मधे पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं. पॅसेजमध्ये भरदुपारीही दिवा लागतो. खोली 160 चौरस फुटांची. त्यात मोरी, ओटा, कपाट, खाट. आणि आज संध्याकाळी चाळीसेक बायका.

आधी खाट बाहेर. पॅसेजमध्ये, भिंतीला उभी. मग आरास. खाली शिलाई मशीन, त्यावर आडवी फळी, फळीवर कणकेचा मोठा डबा, त्याच्यापुढे तांदळाचा त्याहून बुटका. झाल्या पायऱ्या. त्यावर आजीचं हिरवं इरकली लुगडं, लाल काठ पुढे येईल असं. वर पितळी पाळणा, पाळण्यात बोटभर उंचीची अन्नपूर्णा.

मी झेंडूच्या माळा आणल्या होत्या. मावशीने त्या सरळ दाराला लावल्या. आत नाही.

"केशरी आत आलं की बाकी काही दिसत नाही बघ."

आत फक्त हिरवं, पांढरं आणि काठाचं लाल. एप्रिलच्या उकाड्यात, पंखा एकच असलेल्या खोलीत, डोळ्याला थंड वाटायला हवं हे तिचं गणित. पाळण्याला मोगऱ्याची लड, दोन बाजूंना निशिगंधाच्या काड्या. काड्यांची खालची पानं तिने काढून टाकली, देठ तिरके कापले. पाण्यात पान राहिलं की ते कुजतं, देठ तुंबतो आणि वरचं फूल विनाकारण मरतं. (झेंडू आणि निशिगंध, दोघेही मूळचे मेक्सिकोचे. आपल्या देवघरात इतके रुळलेत की त्यांना कुणी गाव विचारत नाही.)

[जवळून: वाटी, हळद, चुन्याची निवळी.]

आता हे जरा जवळून बघा. वाटीत हळद. त्यावर चुन्याची निवळी, थेंब थेंब. पहिल्या थेंबाला काठाशी तपकिरी होतं, मग विटेसारखं, आणि बोटाने कालवलं की लाल. पिंजर, कुंकू करायची जुनी रीत ती हीच: हळदीतला पिवळा रंग चुना मिळाला की लाल होतो. बाजारचं कुंकू मिळतंच, मावशीच्या करंड्यातही तेच आहे. ही वाटी ती शेजारच्या पोरांना जादू दाखवायला करते.

दारात चैत्रांगण काढायला घेतलं. शंख, चक्र, गोपद्म, कासव, तुळस, झोपाळा. हल्ली याचं तयार स्टिकरही मिळतं. ते दिसतं नीटनेटकं, पण त्यातलं कासव कधी चुकत नाही, आणि मावशीचं कासव दरवर्षी बेडकासारखं होतं. आम्ही त्याचीच वाट बघतो.

डाळ सकाळीच भिजली होती. हरभऱ्याची डाळ भरडच वाटायची, किसलेली कैरी, मिरची, मीठ, चवीला साखर, ओलं खोबरं आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी, गार करून. गरम फोडणी ओतली तर डाळ कोरडी पडते. पन्ह्याला कैऱ्या उकडून गर काढलेला, गूळ, वेलची, केशराच्या चार काड्या. एक लहान पातेलं बाजूला, त्यात गूळ नाही, मीठ-जिरं आहे.

"समोरच्या काकूंना साखर आहे ना. सगळ्यांपुढे नको नको म्हणायला लावायचं का त्यांना?"

ग्लास सगळे सारखेच. कुणाच्या ग्लासात काय आहे, हे मावशीला आणि काकूंनाच माहीत.

[संध्याकाळ. पॅसेज.]

साडेपाचपासून बायका यायला लागतात. खोलीत एका वेळी सहा मावतात. बाकीच्या पॅसेजमध्ये, उभ्या केलेल्या खाटेला टेकून. मला वाटतं, हळदीकुंकू हा मुंबईला शोभणारा पाहुणचार आहे. पंगत नाही, की "जेवूनच जा" नाही. यायचं, दहा मिनिटं टेकायचं, उठायचं. जागा नाही, तर वेळ वाटून घ्यायची.

सातच्या सुमाराला ऑफिसवाल्या येतात, थेट लोकलमधून उतरून. त्यांच्यासाठी दाराशी पाण्याची बादली, तांब्या आणि स्वच्छ टॉवेल. आधी पाय धुवा, मग पन्हं, मग बाकीचं. हातावर अत्तर, गुलाबदाणीतून दोन थेंब, ओटीत भिजवलेले हरभरे, आणि ओंजळीत मोगरा. एव्हाना कळ्या उघडल्यात.

हळदीकुंकू सवाष्णींचंच, ही जुनी चाकोरी. मावशीच्या शेजारणीला त्यामुळे दोन वर्षं दार लावून बसावं लागलं होतं. तिसऱ्या वर्षी मावशीने निरोपातला शब्दच बदलला: "गौरीचं पन्हं प्यायला या." आता शेजारीण येते. येते कसली, ग्लास विसळायला तीच असते.

चाळीचा पुनर्विकास सुरू झालाय. नवीन घर 500 चौरस फुटांचं. सगळ्यांना आनंद आहे, मावशीलाही. तिने फक्त एकदा विचारलं होतं, "तिथे लिफ्टच्या बाहेर एवढ्या बायका उभ्या राहतील का गं?"

[रात्र. खोली.]

नऊला शेवटची पाहुणी गेली. मूठभर मोगरा उरला होता, तो माठात. खाट आत आली. मी लुगडं घडी करेपर्यंत मावशीने आराशीची वरची पायरी उतरवली होती, झाकण उघडलं होतं आणि परातीत कणीक घेतली होती. काका दुसऱ्या पाळीवरून यायचे होते.