मोडलं कशानं, ते आधी बघा

मंडळी, बागेत काही तुटलं-फुटलं की आपण घरात शिरतो आणि हाताला काय लागतंय ते शोधायला लागतो. मी आज तुम्हाला त्याआधी क्षणभर थांबायला सांगणार आहे. ही वस्तू मोडली कशानं? आतून दाब आला, ओढ बसली, भारानं वाकली, की उन्हानं खाल्ली? एवढं कळलं की घरातलं काय उचलायचं ते जवळजवळ ठरूनच जातं. ते न बघता चिकटपट्टी गुंडाळली, तर चीर झाकली जाते. चीर पाडणारा जोर होता तिथेच राहतो.

पाण्याची नळी घ्या. बारीक छिद्र पडून पाणी उडायला लागलं की बहुतेकजण विजेच्या वायरला लावायची चिकटपट्टी गुंडाळतात. ती ओल्या नळीला धरत नाही. कोरडी करून लावली, तरी आतलं पाणी तिला छिद्रापासून हळूहळू उचलत जातं. इथे गोंद कामाचा नाही, आवळणारं काहीतरी हवं. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून दोन बोटं रुंद, लांबलचक पट्टी काढा. छिद्राच्या चार बोटं अलीकडून सुरुवात करा. पट्टी चांगली ताणून धरा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवा, छिद्राच्या पलीकडे तेवढंच जा आणि तसेच वेढे देत मागे या. शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली सरकवून ओढलं की झालं. गाठ लागत नाही. ताणलेलं रबर सतत आखडायला बघतं, म्हणून ते नळीला बाहेरून दाबून धरतं. रबराला हा टिकाऊपणा गंधकामुळे आला. कच्चं रबर गरमीत चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. ते गंधकाबरोबर तापवून त्याचे लांब रेणू एकमेकांना जोडायच्या प्रक्रियेचं अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ साली मिळालं. पंक्चर झालेली ट्यूब तिची हवा धरून ठेवत नसली, तरी तिच्या रबराचा हा गुण शाबूत असतो. माझ्या मते बाग करणाऱ्याच्या घरात तिच्याइतकी मोलाची दुसरी टाकाऊ वस्तू नाही.

नळी लांबीत उभी फाटली असेल, तर मात्र वेढे घालत बसू नका. फाटका तुकडा कापून टाका, दोन्ही तोंडं गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि आत घट्ट बसेल असा कडक नळीचा तुकडा घालून जोडा. वरून दोन्ही बाजूंना तार किंवा क्लिप आवळा. बादलीला किंवा झारीला भोक पडलं असेल, तर त्याच ट्यूबमधून दोन गोल चकत्या कापा, एक आतून आणि एक बाहेरून लावा, मधून बोल्ट घालून नट कसा. चकतीच्या वर धातूचा वायसर हवाच, नाहीतर नट कसताना रबर चुरगळतं.

मातीच्या कुंडीला तडा जातो तो बहुधा आतल्या जोरानं. मुळं वाढतात, माती ओली होऊन फुगते. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठलं तर ते सुमारे नऊ टक्के पसरतं. म्हणून काठाच्या खाली तारेचा वेढा घालून पकडीनं पिळा. कुंडी खाली निमुळती असते, त्यामुळे वेढा खाली घसरेल असं वाटलं तर दोन ठिकाणी तार वर काठावर अडकवा. फुटक्या कुंडीच्या खापऱ्या दुसऱ्या कुंडीच्या तळाशी घातल्या की पाण्याचा निचरा सुधारतो, असं अनेकजण सांगतात. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत लगेच उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती.

आता दांड्यांकडे येऊ. कुदळीचा, फावड्याचा दांडा ढिला झाला की तो रात्रभर पाण्यात ठेवायचा, हा सर्रास केला जाणारा उपाय. सकाळी दांडा घट्ट बसलेला असतो हे खरं आहे. पण लाकूड फुगताना लोखंडी नेढ्याच्या भिंतींवर दाबलं जातं आणि त्याचे तंतू चेपतात. वाळल्यावर ते आधीपेक्षाही बारीक होतं. मग पुन्हा पाणी, पुन्हा चेपणं, असं करत शेवटी कुदळीचं पातं दांड्यावरून उडून कुणाच्या तरी पायावर येतं. हा उपाय सोडून द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दांडा पूर्ण कोरडा करा, टोकाला उभी चीर घ्या, तो नेढ्यात ठोकून बसवा आणि चिरेत कठीण लाकडाची पातळ पाचर मारा. मोडलेल्या जुन्या दांड्यातून ती सहज निघते. दांडा वाळून आखडू आणि भेगाळू नये म्हणून त्याला जवसाचं तेल चोळा. तेलानं भिजलेली फडकी मात्र गोळा करून टाकू नका; हे तेल सुकताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी उघड्यावर, पसरून वाळवा.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. प्लास्टिकची सुतळी, विणलेली पोती, बाटल्या यांतले रेणू अतिनील किरणांनी तुटत जातात. कालपर्यंत मजबूत असलेली सुतळी एक दिवस हातात भुगा होते आणि तो भुगा मातीत राहतो. कायम उन्हात राहणाऱ्या जोडासाठी तारच बरी. कीटकनाशकाचे रिकामे डबे आणि जुन्या रंगाचं लाकूड कितीही कामाचं दिसलं तरी बागेत आणू नका. तसल्या रंगात शिसं असू शकतं.

झाडाला बांधताना हे सगळं उलटं होतं. तिथे तार नको, कुजणारी सुती चिंधीच हवी. खोड जाड होत जातं, तार होत नाही. ती सालीत रुतली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जाण्याची वाट बंद होते. चिंधी मात्र वेळेत सैल होते किंवा तुटते.

वाऱ्यानं किंवा फळांच्या भारानं फांदी फाट्यापाशी चिरली, पण सालीनं धरून राहिली, तर ती वाचवता येते. फक्त उशीर नको. सालीच्या लगेच आत वाढ करणारा अगदी पातळ, ओलसर थर असतो; दोन्हीकडचा तो थर एकमेकाला टेकला आणि ओला राहिला तरच जोड धरतो. आधी फांदीवरची फळं आणि बरीच पानं काढून भार हलका करा, खालून टेकू द्या, फट बंद करा. मग हीच ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. बाजूला बांबूची कामटी बांधली तर फांदी वाऱ्यात हलणार नाही. वर रंग किंवा डांबर लावू नका. अॅलेक्स शिगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञानं हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिलं, की झाड जखम भरून काढत नाही. ते तिच्याभोवती भिंती उभ्या करतं आणि नव्या लाकडानं तिला झाकतं. लेपानं त्याला मदत होत नाही.

वाढीचा हंगाम चालू असताना अधूनमधून पट्टी सोडून बघा आणि थोडी सैल करून पुन्हा बांधा. चिरेच्या दोन्ही कडांना फुगीर नवी साल धरलेली दिसली तर टेकू तसाच ठेवा, पट्टी काढून टाका. आत काळं पडलं असेल, फट उघडी राहिली असेल, तर फांदी कापावी लागेल. कापताना बुंध्याला सपाट करू नका. फांदीच्या मुळाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या जरा बाहेरून करवत चालवा, कारण जखम झाकणारं नवं लाकूड त्या कड्यातूनच येतं.